गोल निवडुंग आणि कोल्हापूरचा पाऊस

कोल्हापुरात हौसेनं आणलेला गोल निवडुंग उन्हाळ्यात गेला, असं सहसा ऐकू येत नाही. मे महिन्यात गच्चीवर पाय ठेववत नाही, घरातली मंडळी पंधरा दिवस गावाला गेलेली असतात, कुंडीत थेंबभर पाणी पडलेलं नसतं, तरी हा जसाच्या तसा. मग मृग निघतो, आर्द्रा लागतात, तरणा आणि म्हातारा पाऊस पाठोपाठ येतात, आठ-आठ दिवस झड सुटत नाही. वरून हिरवागार, टणक दिसणाऱ्या त्या गोळ्याला एके दिवशी बोट लावावं तर ते आत जातं. उचलायला जावं तर वरचा भाग हातात येतो आणि तपकिरी, कुबट वासाचा बुंधा कुंडीतच राहतो.

रोपवाटिकेत ज्याला ‘गोल्डन बॅरल’ म्हणतात, तो हा निवडुंग मध्य मेक्सिकोतला. पिवळ्याधमक काट्यांनी झाकलेला, ठसठशीत धारांचा, लहानपणी चेंडूएवढा आणि पुरता वाढला की तीन फुटांपर्यंत उंच. शास्त्रीय नाव एकिनोकॅक्टस ग्रुसोनी. १८८६ साली जर्मनीच्या हाइनरिश हिल्डमान यांनी ते माग्देबुर्गचे कारखानदार हेर्मान ग्रुसोन यांच्यावरून ठेवलं. ग्रुसोन यांचा धंदा ओतीव लोखंडाचा, तोफांच्या चिलखती बुरुजांचा. हौस मात्र निवडुंगांची. १८९५ साली ते वारले, संग्रह शहराला मिळाला आणि पुढच्याच वर्षी काचघरांमधून लोकांसाठी खुला झाला. दिवसभर भट्टीपाशी आणि संध्याकाळी झाडांपाशी, ही जोडी शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना नवलाची वाटू नये. २०१४ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झाडाला वेगळ्या प्रजातीत काढलं आणि मोनॅकोच्या निवडुंग बागेचे माजी संचालक मार्सेल क्रोनलाइन यांच्यावरून ‘क्रोनलाइनिया’ म्हटलं. रोपवाटिकांच्या पाट्यांवर ते अजून पोचलेलं नाही, आणि पोचलं नाही म्हणून कुणाचं अडलेलंही नाही.

त्याचे अमेरिकेतले भाऊबंद म्हणजे फेरोकॅक्टस. सोनोरा आणि मोहावे वाळवंटांत ते पिंपासारखे उभे असतात, काटे लालसर, काहींचे गळासारखे वाकडे. त्यांतला एक, फेरोकॅक्टस विस्लिझेनी, वाढता वाढता दक्षिणेकडे कलतो, म्हणून वाटसरू त्याच्याकडे बघून दिशा ठरवत. पिंपात पाणी भरलेलं असतं, शेंडा कापला की पेला बुडवून प्यावं, ही गोष्ट मात्र चित्रपटांतली. आत पाणी नसतं, बुळबुळीत गर असतो. त्यात ऑक्झॅलिक आम्लासारखी द्रव्यं असतात आणि रिकाम्या पोटी तो खाल्ला तर उलट्या होऊन अंगातलं उरलंसुरलं पाणीही जातं.

या झाडाची घडण समजली की पावसाळ्यातलं त्याचं मरण आपोआप समजतं. गोल आकारात जास्तीत जास्त गर मावतो आणि उन्हाला सर्वांत कमी कातडी मिळते. अंगावरच्या धारा हार्मोनियमच्या भात्यासारख्या काम करतात: पाणी मिळालं की फुगून पसरतात, संपत आलं की मिटतात, कातडी कुठे फाटत नाही. पानं नाहीतच, त्यांचं काम हिरवं खोड करतं. काटे जनावरांना लांब ठेवतात हे खरं, पण त्यांचा रोजचा उपयोग सावलीचा. शेंड्यावर जिथे नवी वाढ होते तिथे काट्यांची दाटी आणि खाली पिवळसर लोकर असते, ती उन्हाचा मारा अडवते.

आणि तो श्वास घेतो रात्री. कोल्हापूरचा ऊस दिवसा पानांची छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्या उघड्या छिद्रांतून पाण्याची वाफ सोडत राहतो. उसाच्या एका पिकाला १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागतं, त्यातलं पुष्कळसं असंच हवेत जातं. निवडुंगाची छिद्रं दिवसा घट्ट बंद. रात्री गारवा आला की ती उघडतात, वायू आत घेतला जातो, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी उन्हाच्या जोरावर बंद दाराआड त्याची साखर होते. पाण्याची बचत मोठी, पण वाढ गोगलगायीची. एवढ्या काटकसरीनं जगणाऱ्या झाडाला रोज सकाळी तांब्याभर पाणी घालणं म्हणजे प्रेमानं केलेला छळ आहे.

जमिनीखालचा भाग आणखी महत्त्वाचा. या निवडुंगाची मुळं खोल जात नाहीत, वरच्या काही इंचांत लांबवर पसरतात. मेक्सिकोच्या हिडाल्गो आणि केरेतारो राज्यांच्या सीमेवरच्या दऱ्यांमध्ये, उभ्या कड्यांच्या खडकाळ उतारांवर तो वाढतो. तिथे पाऊस येतो तो सरीनं. मुळं पटकन पितात आणि उरलेलं पाणी दगडांतून दरीत निघून जातं. साचणं हा प्रकारच नाही. कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे १००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. नुसता आकडा मोठा आहे म्हणून झाड मरत नाही. ते मरतं मुळांना हवा मिळत नाही म्हणून. ओली माती, ढगाळ आभाळ, न वाळणारी मुळं, आणि त्या मुळांवर टपून बसलेल्या पिथियम, फायटोफ्थोरा, फ्युजेरियम या बुरशा.

जिल्ह्यात तरी पाऊस एकसारखा कुठे आहे? गगनबावड्यात पाच हजार मिलिमीटरच्या घरात पडणारा पाऊस शिरोळला पोचेपर्यंत पाचशे-सहाशेवर येतो, आणि ही दोन टोकं एसटीच्या काही तासांच्या प्रवासात गाठता येतात. जयसिंगपूर-कुरुंदवाडच्या बाजूला गोल निवडुंग फारशी काळजी न घेताही उघड्यावर तग धरू शकतो. शहरात त्याला मदत लागते. राधानगरी, आजरा, चंदगडच्या पश्चिम भागात छप्पर नसेल तर नादच सोडावा.

मग अशा मुलखात कमी पाण्याची बाग करायचीच कशाला, असा प्रश्न कुणीही विचारेल. पंचगंगा उशाशी, रंकाळा आणि कळंबा तलाव, त्यात २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं थेट पाइपलाइनचं पाणीही शहरात आलं. पण ऑगस्ट २०१९ आठवावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. नदीकाठची उपसा केंद्रं बुडाली आणि पुरानं वेढलेल्या शहरातले नळ कोरडे पडले. रस्त्यावर होडी आणि दारात टँकर, हे चित्र कोल्हापूरकरांनी एकाच आठवड्यात पाहिलं. इथे पाणी एक तर फार असतं, नाही तर नसतं. नोव्हेंबरपासून मेपर्यंत पाऊस नावालाच, आणि याच महिन्यांत हिरवळीच्या गालिच्याला रोज पाइप लागतो.

कमी पाण्याच्या बागेची कल्पना शास्त्र म्हणून मांडली गेली ती अमेरिकेत. कोलोरॅडोमधल्या डेन्व्हर शहराच्या पाणी खात्यानं १९८१ साली तिला ‘झेरिस्केप’ असं नाव दिलं. डेन्व्हरचं सूत्र मात्र कोल्हापुरात जसंच्या तसं उतरवता येत नाही. तिथे प्रश्न फक्त टंचाईचा आहे. इथल्या बागेला आठ महिने कोरडं राहायचं आहे आणि चार महिने भिजायचं आहे. दोन्ही परीक्षा पास होणारी झाडं शोधणं हा खरा उद्योग.

गंमत म्हणजे कोल्हापूरच्या घराघरांत एक निवडुंग आधीपासून आहे आणि त्याला कुणी निवडुंग म्हणत नाही. ज्याला आपण ब्रह्मकमळ म्हणतो, ज्याच्या कळीवर पावसाळ्यात घरच्यांचं लक्ष असतं, जे रात्री नऊनंतर उमलायला लागलं की शेजाऱ्यांना हाका जातात, हळदीकुंकू वाहिलं जातं, फोटो निघतात आणि सकाळी मान टाकतं, ते झाड म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटॅलम: मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला निवडुंग. हिमालयातलं ब्रह्मकमळ अगदी वेगळ्या कुळातलं. पानासारखं दिसतं ते या झाडाचं चपटं खोड. ते आपल्या पावसात आनंदानं वाढतं, कारण ते वाळवंटातलं नाहीच. ते रानातल्या झाडांच्या फांद्यांवर, पालापाचोळ्यात वाढणारं आहे. ड्रॅगन फ्रूट त्याच गोतातलं. सांगलीच्या तडसर गावातल्या शेतकऱ्यांचं ड्रॅगन फ्रूट जून २०२१ मध्ये दुबईला गेलं, ते फळ निवडुंगाचंच. तेव्हा निवडुंग म्हटला की वाळवंट आणि वाळवंट म्हटलं की पाणी नको, हे समीकरण सगळ्यांना लावता येत नाही. ब्रह्मकमळाला मानवणारी सावली आणि ओल गोल निवडुंगाला मारते, आणि गोल निवडुंगाला हवं असलेलं ऊन ब्रह्मकमळाला भाजतं. एकाच कट्ट्यावर दोघांना ठेवून एकाच झारीनं पाणी घालणारी घरं पुष्कळ आहेत. त्यांपैकी एक झाड नेहमी आजारी असतं.

बांधावरचे काटेरी प्रकारही असेच फसवे. त्रिधारी निवडुंग, कुंपणाचा शेर ही मंडळी निवडुंग कुळातली नव्हेत, ती युफोर्बिया कुळातली. खूण सोपी: खोडाला नख लावलं की पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून छाटणी करताना सांभाळावं. फड्या निवडुंग मात्र अस्सल निवडुंग, आणि अस्सल परदेशी. त्याची भारतातली कथा मोठी मजेदार आहे. किरमिजी रंगाच्या व्यापारात स्पेनची मक्तेदारी होती. तो रंग निवडुंगावर पोसणाऱ्या कोचिनील किड्यापासून निघायचा. ईस्ट इंडिया कंपनीला ही मक्तेदारी मोडायची होती, म्हणून १७९५ साली ब्राझीलहून किडे आणले गेले. किडे निघाले हलक्या जातीचे. रंग बेताचा मिळाला, पण त्यांनी निवडुंगाची एक जात फस्त करून टाकली. पुढे दक्षिणेत दुसऱ्या जातीचा फड्या शेतं आणि गायरानं गिळू लागला, तेव्हा १९२६ मध्ये श्रीलंकेतून कोचिनीलची आणखी एक जात मुद्दाम आणून सोडली आणि तिनं तो आटोक्यात आणला. किड्यानं तण मारण्याची जगातली सर्वांत जुनी उदाहरणं शोधायला निघालं की ती आपल्याच निवडुंगापाशी सापडतात.

याच फड्यानं दुष्काळात जनावरंही जगवली. काटे जाळून, फडे चिरून ते गुरांपुढे टाकायचे, ही जुनी रीत. उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेनं बिनकाट्यांचा निवडुंग चारा म्हणून लावून पाहिला आहे. आटपाडी, जत, माणच्या पट्ट्यात या झाडाकडे शोभेपेक्षा गोठ्याच्या नजरेनं पाहिलं जातं, आणि ते बरोबरच आहे.

दोन्ही परीक्षा पास होणाऱ्या झाडांचे धडे मात्र सह्याद्रीच्या सड्यांवर मिळतात. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जुलैत चालायला गेलं तर बूट भरतात. तेच पठार मार्चमध्ये तव्यासारखं तापतं. अशा जागी टिकलेली झाडं हंगाम वाटून घेतात. कंदीलपुष्पं पावसात वेल वाढवतात, फुलतात आणि कोरड्या दिवसांत जमिनीखाली कंद होऊन पडून राहतात. या कंदीलपुष्पांच्या संवर्धनाचं मोठं काम शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात डॉ. श्रीरंग यादव यांच्या पुढाकारानं झालं. शिंदळ माकुडी त्याहून चतुर. जुन्नर, पुरंदर, सज्जनगड परिसरातल्या कड्यांवर सापडणारी ही दुर्मीळ वनस्पती मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावानं ओळखली जाते, आणि १९८० च्या दशकात आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघानं जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या बारा वनस्पतींत तिचं नाव घेतलं होतं. पावसात तिला हिरवी पानं फुटतात. ऊन तापलं की ती गळतात आणि मागे नुसता मांसल दांडा राहतो. गोल निवडुंगाला असं दुहेरी आयुष्य जमत नाही. तो बारा महिने एकाच पोशाखात असतो, म्हणून बदल त्याच्या जागेत करावा लागतो.

हा बदल म्हणजे उंचवटा. सपाट जमिनीत खड्डा खणून कोल्हापूरच्या काळ्या मातीत गोल निवडुंग लावणं म्हणजे त्याला विहिरीत ढकलणं. पंचगंगाकाठची काळी माती उसासाठी सोनं आहे, पण पाणी धरून ठेवते, फुगते, आणि वाळली की भेगाळून मुळं तोडते. तिला हात न लावता तिच्यावर दीड-दोन फूट उंचीचा ढिगारा रचावा. खाली विटांचे तुकडे आणि फुटकी कौलं, वर जाड मुरूम, कडेनं जांभ्याचे किंवा काळ्या दगडाचे धोंडे. उतार दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे असला तर ऊन भरपूर मिळतं आणि पाणी रेंगाळत नाही. हरियाणातल्या पंचकुल्यात १९८७ साली जे. एस. सरकारिया यांच्या पुढाकारानं सात एकरांवर उभं राहिलेलं राष्ट्रीय निवडुंग उद्यान हे याचं चांगलं उदाहरण. तिथलाही पाऊस मोसमी, वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कोल्हापूरएवढाच. तिथे उंच वाफे आहेत, आणि नाजूक जातींसाठी काचघरं.

मातीचं मिश्रण गावातल्या वस्तूंत होतं. त्यासाठी परदेशी पाकिटांवर पैसे घालवायची गरज नाही. चाळून घेतलेला, हरभऱ्याएवढ्या खड्यांचा मुरूम निम्मा. पाव भाग जाड वाळू. क्रश सँड वापरायची तर आधी धुऊन तिची भुकटी काढून टाकावी, नाहीतर ती सिमेंटसारखी बसते. उरलेल्या पाव भागात वीटचुरा आणि पुरतं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. भाताच्या तुसाचा कोळसा मिळाला तर मूठभर. कोकोपीट टाळावं, रोपवाटिकेतून येणारं रोप बहुधा त्यातच असतं आणि पावसाळ्यात त्याचा बोळा महिनाभर ओला राहतो. मिश्रण जमलं की नाही, हे तपासायला कुंडी भरून वरून तांब्याभर पाणी ओतावं. ते वर थांबलं तर मुरूम वाढवावा. लगेच खालच्या भोकातून निघालं तर जमलं.

लावायच्या आधी झाडाच्या उत्तरेच्या बाजूला कुंडीवर खडूनं खूण करायची. रोपवाटिकेत ज्या बाजूला ऊन लागत होतं तीच बाजू नव्या जागीही उन्हाकडे आली पाहिजे, नाहीतर सावलीतली कोवळी कातडी भाजते आणि तो डाग कायमचा राहतो. मग वर्तमानपत्राची जाड घडी करून पट्टा करायचा, झाडाच्या कमरेभोवती गुंडाळून दोन्ही टोकं एका हातात धरायची आणि दुसऱ्या हातानं कुंडी ओढून काढायची. मोठं झाड असेल तर पोत्याचा पट्टा आणि दोन माणसं. जुनं कोकोपीट बोटांनी अलगद झाडायचं. पांढरी, लवचिक मुळं ठेवायची. काळी, ओढल्यावर सालीसारखी सुटणारी कापून टाकायची. यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात: झाड सावलीत आठवडाभर तसंच उघडं ठेवायचं, म्हणजे मुळांच्या जखमा वाळून बंद होतात. मग लावायचं, बुंधा मातीच्या रेषेच्या किंचित वर ठेवून, आणि बुंध्याभोवती बोटभर जाडीची खडी पसरायची. पहिलं पाणी आणखी आठवड्यानं.

पुढचं वेळापत्रक कोल्हापूरच्या हवेवर बेतलेलं हवं, पुस्तकावर नव्हे. पुस्तकं सांगतात, हिवाळ्यात पाणी बंद आणि उन्हाळ्यात चालू, कारण ती बर्फ पडणाऱ्या देशांत लिहिलेली असतात. इथला हिवाळा सौम्य. थंडीनं हे झाड मरण्याची भीती नाही. इथे वाढीचे हंगाम दोन: फेब्रुवारी ते मे, आणि पाऊस उघडल्यावर थंडी पडेपर्यंत. या काळात बांबूची काडी खोल खुपसून ती कोरडी निघाली, तरच भरपूर पाणी. उन्हाळ्यात जमिनीतल्या झाडाला दहा-पंधरा दिवसांनी पुरतं, लहान कुंडीला थोडं लवकर. वळवाचा पाऊस त्याला मानवतो: तापलेल्या दिवशी संध्याकाळी सडसडून सर येते, सकाळी ऊन, दुपारपर्यंत माती कोरडी. मेक्सिकोतला पाऊस असाच. फक्त गारा पडल्या तर त्यांचे व्रण वर्षानुवर्षं दिसतात.

मृगाच्या आधी छप्पर. कुंड्या असतील तर त्या पारदर्शक पत्र्याखाली किंवा गच्चीच्या जिन्यावरच्या छपराखाली, भिंतीपासून सुट्या, हवा खेळेल अशा ठेवाव्यात. जमिनीतल्या झाडावर चार खांबांवर पारदर्शक पत्रा; बाजू उघड्याच. प्लास्टिकची पिशवी घालणं हा उपाय नाही, तो उकडून मारण्याचा मार्ग आहे. जून ते सप्टेंबर पाणी जवळजवळ बंद. ढगाळ दिवसांत उजेड कमी आणि ओल जास्त झाली की शेंडा फिकट, निमुळता होऊन वर ओढला जातो; गोल झाडाला अशी मान फुटली की तो आकार परत येत नाही. आणि सप्टेंबरच्या शेवटी पत्रा काढला की लगेच उघडं ऊन देऊ नये. ऑक्टोबरची उन्हं चार महिने कमी उजेडात राहिलेल्या कातडीला सोसत नाहीत. दोन-तीन आठवडे शेडनेट ठेवावं.

किडींत मुख्य शत्रू पिठ्या ढेकूण. शेंड्याच्या लोकरीत तो असा मिसळून जातो की दिसतच नाही. भिंग घेऊन पाहिलं तर लोकरीचा एखादा पांढरा पुंजका हलताना दिसतो. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून तो टिपावा. मुळांवरही त्याची एक जात बसते, म्हणून झाड कारण नसताना खुंटलं तर उपटून पाहावं. कूज दिसली तर दया दाखवू नये: धारदार, स्पिरिटनं पुसलेल्या सुरीनं निरोगी हिरवट-पांढरा गर लागेपर्यंत कापत जावं, कापलेल्या तोंडावर कॉपर ऑक्सिक्लोराइडची पूड लावावी आणि झाड दोन-तीन आठवडे सावलीत कोरडं ठेवावं. बुंध्यापासून वर चढलेली कूज मात्र बहुधा जिंकते.

काटेरी झाड घरात नको, असं सांगणारे वास्तूचे जाणकार गल्लोगल्ली भेटतात. कोरफड दारावर उलटी टांगणाऱ्या घरातच हे ऐकू येतं, ते सोडून द्यावं. व्यवहाराचा सल्ला मात्र खरा आहे: लहान मुलं धावतात त्या वाटेपासून झाड चार फूट आत असावं. गच्चीवर वजनाचा हिशेब करावा, कारण एक घनफूट ओल्या मातीचं वजन ४५ किलोच्या आसपास भरतं आणि उंचवट्यात अशा घनफुटांची रास असते. जोडीला घायपात, अडेनियम, पानफुटी, कोपऱ्यात देवचाफा, कुंपणाला बोगनवेल लावली तर बाग भरते. यांतलं मूळचं इथलं एकही नाही. शाहू महाराजांनी पन्हाळ्यावर चहा-कॉफीचे प्रयोग केलेल्या जिल्ह्याला याचं वावडं नसावं. फक्त एक वाफा सड्यावरच्या स्थानिक मांसल वनस्पतींना राखून ठेवावा, आणि त्या पठारावरून उपटून न आणता रोपवाटिकेतल्या फुटव्यांपासून वाढवाव्यात.

कारण उपटून आणण्याचं काय होतं, हे या गोल निवडुंगाच्याच गावी दिसतं. जगातल्या कुठल्याही मोठ्या बागेत सहज दिसणारं हे झाड रानात धोक्यात आहे. आधी संग्राहकांनी ते ओरबाडलं. मग १९९० च्या दशकात मोक्तेसुमा नदीवर झिमापान धरण झालं आणि त्याच्या दरीतला अधिवास पाण्याखाली गेला. कोयना, काळम्मावाडी, चांदोली पाहिलेल्या माणसाला धरणाखाली काय काय जातं हे समजावून सांगायला नको. उभ्या कड्यांवरची झाडं तेवढी वाचली. साइट्स करारानुसार निवडुंगांच्या परदेशी व्यापारावर निर्बंध आहेत. आपल्याकडे विकली जाणारी रोपं बियांपासून तयार केलेली असतात, त्यांतली पुष्कळशी कालिम्पाँगसारख्या ठिकाणच्या रोपवाटिकांतून येतात.

बियांपासून वाढवणं घरीही जमतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये चाळलेल्या, गरम पाणी ओतून निववलेल्या मिश्रणावर काळ्या, बारीक बिया पसरायच्या, झाकायच्या नाहीत, डब्याला पारदर्शक झाकण. एक ते तीन आठवड्यांत हिरवे ठिपके वर येतात. पहिली काही वर्षं रोपाला धारा नसतात, नुसत्या गाठी असतात, आणि नवशिक्याला वाटतं की दुकानदारानं फसवलं. मुठीएवढं व्हायला चार-पाच वर्षं लागतात. फूल येतं ते झाड सव्वा फूट रुंद झाल्यावर, म्हणजे साधारण पंधरा वर्षांनी किंवा त्याहून उशिरा: शेंड्याच्या लोकरीत गोलाकार बसलेली, दोन इंचांची, पिवळी, रेशमी फुलं. कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन उद्यानात असे पाचशेहून अधिक गोल निवडुंग आहेत, आणि त्यांतले सर्वांत जुने १९१५ च्या आधी बियांपासून वाढवलेले. इतकी वर्षं थांबायची ज्याची तयारी नसेल त्यानं मोठं झाड विकत घ्यावं, पण मे-जूनमध्ये नको. दिवाळीनंतर आणलं तर मृगापर्यंत मुळं धरायला त्याला सहा-सात महिने मिळतात.